चोपड्यात बसून कंपाउंड धनुष्य निवडताना

गेल्या वर्षी मी कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य घेतलं. घेण्याआधीचे कित्येक महिने चौकशीत, मोजमापात आणि घरातल्या वादात गेले. ते सगळं इथे लिहून ठेवतोय, कारण जळगाव-धुळे-नंदुरबारकडे हे साहित्य घ्यायचं झालं तर शेजारी विचारायला माणूस मिळत नाही. पुण्या-नागपूरच्या पोरांना मैदानावरच चार जणांचे चार बो हाताळायला मिळतात. आपण व्हिडिओ पाहतो आणि अंदाज बांधतो. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे असतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

मी चोपड्याजवळच्या एका शाळेत शिक्षक आहे. कॉलेजात बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड हा तिरंदाजीचा प्रकार खेळलो होतो, पुढे शाळेतल्या मुलांनाही तेच शिकवत आलो. मग २०२३ साल उजाडलं. बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन सुवर्ण जिंकलं. साताऱ्याची आदिती स्वामी तर सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णपदकं भारताने आणली. आता २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार पहिल्यांदाच येतोय. वर्गातली मुलं ‘सर, तो चाकावाला बो आपल्याकडे कधी?’ असं विचारायला लागली. त्यांच्या हातात द्यायचा तर आधी तो माझ्या हाताला कळायला हवा, असं मला वाटलं.

माझा मामेभाऊ विस्कॉन्सिनला असतो. दरवर्षी तिथला परवाना काढून तो धनुष्याने हरणाची शिकार करतो. मॅथ्यूज ही धनुष्यांची कंपनी त्याच राज्यातल्या स्पार्टा गावची, त्यामुळे त्याच्या घरी दुसरं नाव निघत नाही. मी विषय काढला तसा तो फोनवर म्हणाला, “नवा कशाला घेतोस? माझा जुना मॅथ्यूज पडून आहे. दिवाळीला येताना घेऊन येतो, फुकट.” लाखांच्या वस्तूला फुकट हा शब्द लागला की घरातले सगळे दादाच्या बाजूने होणार, तसे झालेच. मला मात्र त्याचा बो घेण्याआधी तो माझ्या कामाचा आहे का, हे पाहायचं होतं.

शिकारीचा मुद्दा इथेच सांगून टाकतो. आमच्या आबांच्या शेतात रानडुकरं मक्याची नासाडी करतात. धनुष्याची चर्चा कानावर पडताच त्यांनी विचारलं, “येनाघाई डुकर मरी का रे?” प्रश्न रास्त होता, नुकसान खरं आहे. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे, आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. जखमी करणं, पकडणं, फास लावणं, तसा प्रयत्न करणं, हे सगळं त्यात येतं. पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आमच्या उत्तरेला सातपुडा आणि यावल अभयारण्य आहे. तिथे हातात असलं धनुष्य घेऊन फिरणाऱ्याकडे कोण कसं पाहील, हे आबांना समजावलं. त्यांना ते पटलं. तेव्हा माझ्यासाठी प्रश्न सरळ झाला. पन्नास मीटरवरच्या ८० सेंटिमीटरच्या टार्गेटवर, एका फेरीत ७२ बाण मारायला कुठला बो बरा?

कंपाउंडचं मर्म त्याच्या कॅममध्ये आहे. अमेरिकेतल्या मिसुरीच्या होलेस विल्बर ॲलन यांनी १९६६मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६९मध्ये ते मिळालं. लिंबच्या, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांच्या, टोकांना कॅम, म्हणजे लंबगोल चाकं, बसवली की ओढताना मध्यावर सगळा जोर लागतो आणि पूर्ण ओढल्यावर तो एकदम उतरतो. या उताराला लेट-ऑफ म्हणतात. पन्नास पाउंडाच्या बोला ८० टक्के लेट-ऑफ असेल तर पूर्ण ताणल्यावर बोटांवर दहाच पाउंड उरतात. हरीण वळेपर्यंत मिनिटभर ताणून थांबावं लागतं, म्हणून शिकारीच्या बोंना ८५-९० टक्क्यांपर्यंत लेट-ऑफ देतात. टार्गेटवाले बरेच जण मुद्दाम त्याहून कमी ठेवतात. हातात थोडं वजन राहिलं तर पाठ ओढती राहते आणि रिलीज, म्हणजे तार धरून सोडायचं साधन, स्वच्छ सुटतो. दादाचा बो आणि मला हवा असलेला बो यांतला पहिला फरक मला इथे दिसला.

दुसरा फरक भिंतीला पाठ लावून हात पसरल्यावर दिसला. बायकोने शिवणाच्या टेपने एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत मोजलं. ६७ इंच भरले. याला अडीचने भागायचं. माझी ड्रॉ लेंग्थ, म्हणजे तार किती लांब ओढायची ते माप, २६.८ इंच आली, म्हणजे सत्तावीसच्या आत-बाहेर. दादा सहा फुटांच्या वर आहे, त्याचा बो तीस इंचांवर लावलेला. रिकर्व्हमध्ये, म्हणजे चाकं नसलेल्या धनुष्यात, माणूस आपल्या हनुवटीपर्यंत ओढतो आणि थांबतो. कंपाउंड मात्र स्वतःच थांबतो. कॅम फिरून ‘भिंतीला’, म्हणजे त्याच्या शेवटच्या अडथळ्याला, टेकला की पुढे ओढता येत नाही, आणि त्याच्या अलीकडे थांबलो तर लेट-ऑफ मिळत नाही. तीन इंच लांब बो घेऊन नेम धरायचा म्हणजे डावा खांदा वर, मान मागे, आणि तार गालाच्या पार पलीकडे. दादाचा बो जुन्या एककॅमी रचनेचा होता. त्या पिढीच्या अनेक मॅथ्यूजमध्ये ड्रॉ लेंग्थ बदलायची तर अख्खा कॅमच दुसऱ्या मापाचा लागतो, आणि तो बसवायला बो प्रेस नावाचं यंत्र लागतं. आताच्या बहुतेक धनुष्यांत कॅमवरचं छोटं मोड्यूल बदललं किंवा सरकवलं की भागतं. मॅथ्यूजच्याही अलीकडच्या मॉडेलांत तसंच आहे. तिथे तर मोड्यूल बदलून ताणाचं वजनही पाच-पाच पाउंडांनी बदलतं.

तिसरी गोष्ट वजनाची. जागतिक नियमाप्रमाणे कंपाउंडचा कमाल ताण ६० पाउंड. दादाचा बो सत्तरचा. लिंबचे बोल्ट सैल करत गेलं की साधारण दहा पाउंड उतरतात, म्हणजे त्याचा बो जेमतेम साठवर आला असता. नियमात बसला असता, पण माझ्या खांद्याच्या मर्यादेत बसला नसता. चाळिशीच्या पुढच्या माणसाने दिवसभरात शंभर बाण मारायचे तर पन्नासच्या आतला ताण पुरे. शिकारी माणूस पहाटे झाडावर चढतो आणि नशीब असेल तर एक बाण सोडतो. त्याला साठ-सत्तर पाउंड परवडतात, जड बाण खोल रुतावा म्हणून ते हवेही असतात. कागदावर भोक पाडायला तेवढी ताकद लागत नाही.

हे सगळं मी दादाला सविस्तर सांगितलं. तो आधी थोडा हिरमुसला. मग त्यालाच त्यात रस वाटायला लागला आणि पुढच्या सगळ्या निवडीत तो रात्री-अपरात्री माझ्याबरोबर फोनवर होता. त्यानेच मला जाहिरातीतला वेगाचा आकडा कसा वाचायचा ते शिकवलं. प्रत्येक कंपनी ‘३३० फूट प्रति सेकंद’, ‘३४० फूट प्रति सेकंद’ असं छापते. तो आकडा तीस इंच ड्रॉ, सत्तर पाउंड ताण आणि ३५० ग्रेन वजनाचा बाण धरून काढलेला असतो. ड्रॉ एक इंचाने घटली की ढोबळमानाने दहा फूट कमी होतात, ताण एक पाउंड घटला की दोनेक फूट. माझ्या सत्तावीस इंचांना आणि पन्नास पाउंडांना ३३०चा बो २६०च्या आसपास येणार. पन्नास मीटरला तेवढा वेग भरपूर झाला. वेगाच्या मागे लागलं की ब्रेस हाइट, म्हणजे ग्रिप आणि तार यांतलं अंतर, कमी होतं. बाण तारेला जास्त वेळ चिकटून राहतो, आणि तेवढ्या वेळात हाताने केलेली प्रत्येक हालचाल त्याला लागते. म्हणून सहा इंचांचे वेगवान बो मी यादीतून काढून टाकले आणि सातच्या आसपासचे ठेवले.

मग उंची. वरच्या कॅमच्या ॲक्सलपासून खालच्या कॅमच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर शिकारीच्या बोंत २८ ते ३३ इंच, टार्गेटच्या बोंत ३६ ते ४०. झाडीतून वावरायला आखूड बरा, स्थिर धरायला लांब बरा. आखूड बो पूर्ण ओढला की तार टोकदार कोन करते, नाकाच्या टोकाला लागत नाही, मग माणूस मान वाकवून पीप, म्हणजे नेम धरायचं तारेतलं भोक, शोधतो. माझे हात आखूड असल्यामुळे हा कोन मला दादाइतका जाचत नाही. म्हणून चाळीस इंची घ्यायची गरज नव्हती, सदतीस पुरेल असं गणित निघालं.

ब्रँडचा विषय मी इथपर्यंत मुद्दाम लांबवला, कारण माझ्या बाबतीत तो याच क्रमाने आला. माप, ताण, उंची ठरल्यावर भुसावळहून गाडी पकडून बडनेऱ्याला उतरलो आणि अमरावतीला ओळखीच्या एका प्रशिक्षकांकडे गेलो. त्यांनी मोठ्या मनाने खेळाडूंचे बो हातात दिले. पहिली ताकीद होती, बाण लावल्याशिवाय तार सोडायची नाही. रिकामी तार सोडली की सगळी ताकद लिंब आणि कॅममध्येच जाते. लिंब फुटतो, तार उडते, डोळ्याला इजा होऊ शकते. प्रत्येक बोवर रिलीज लावून आधी ओढून पाहिलं. जवळून, डोळे मिटून बाण मारले, म्हणजे नेमाकडे लक्ष न जाता फक्त बो जाणवेल.

हॉइट ही यातली सगळ्यात जुनी कंपनी. १९३१मध्ये सेंट लुइसला सुरू झाली, आता सॉल्ट लेक सिटीत आहे. तिचा इन्व्हिक्टा माझ्या हातात सगळ्यात शांत वाटला. ओढताना कुठे धक्का नाही आणि भिंत पक्की. पीएसई ॲरिझोनातल्या टूसॉनची. तिचा सुप्रा शेवटच्या टप्प्यात पटकन उतरत होता. भिंतीवर जरा ढिलाई झाली की तो पुढे ओढून न्यायला बघायचा. मैदानावरच्या एका मुलीला नेमकं तेच आवडत होतं, कारण त्यामुळे ती सतत ओढती राहते. मॅथ्यूज १९९२ची, मॅट मॅकफर्सन यांनी काढलेली. तिचा टीआरएक्स सुटल्यावर हाताला कंप जवळजवळ येत नव्हता. पण त्याची ग्रिप माझ्या तळव्याला रुंद पडली, आणि बाण सुटताना बो किंचित डावीकडे वळत होता. दुसऱ्याच्या तळव्याला तीच ग्रिप नेमकी बसेल. तिन्ही बोंवर जगात पदकं आली आहेत, तेव्हा यांतला कुठला चांगला असं मी म्हणणार नाही. मला कुठला बसतो, एवढं त्या दुपारी कळलं.

निकाल मात्र हाताने एकट्याने दिला नाही. प्रशिक्षक सरांनी विचारलं, “तार तुटली तर चोपड्यात काय कराल?” या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला. कंपाउंडची तार आणि केबल घरच्या घरी बदलता येत नाहीत. लिंब दाबून धरणारा बो प्रेस लागतो, आणि मग दोन्ही कॅम एकाच वेळी भिंतीला टेकतात की नाही हे पाहून केबलला पीळ द्यावा किंवा काढावा लागतो. हे करणारा माझ्या सगळ्यात जवळचा जाणता माणूस म्हणजे तेच सर. त्यांच्याकडे हॉइटची मोड्यूलं, जुन्या तारा, कॅमचे तक्ते पडलेले होते. इतर कंपन्यांचं कामही ते करतात, पण सुटा भाग मागवावा लागला तर तेवढे आठवडे बो भिंतीला टांगलेला. गावाकडच्या माणसाने ब्रँड निवडताना हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा, असं माझं ठाम मत झालंय. ‘दुरुस्त कोण करणार’ याचं उत्तर ज्या नावाला मिळतं, ते नाव आपलं.

त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५च्या घरात जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. आधुनिक तारा डायनिमाच्या धाग्याच्या असतात आणि उष्णतेत, ताणाखाली त्या हळूहळू लांबतात. तार लांबली की पीप फिरतो, कॅमची वेळ चुकते, ताणाचं वजनही बदलतं. डायनिमात व्हेक्ट्रान मिसळलेली तार कमी लांबते. बीसीवायची ४५२एक्स ही तशी आहे. म्हणून तार बदलताना तीच मागितली. बो कधीच गाडीत ठेवायचा नाही, उन्हातून आल्यावर लिंबवर हात फिरवायचा, तारेला नियमित मेण लावायचं, या सवयी पहिल्या दिवसापासून लावून घेतल्या.

नवा बो माझ्या पगाराच्या आवाक्यातला नव्हता. अमेरिकेतच वरच्या श्रेणीचे टार्गेट बो हजार डॉलरच्या बरेच पुढे आहेत. इथे येईपर्यंत कर आणि वाहतूक चढते. त्यातून साइट, स्कोप, स्टॅबिलायझर, रेस्ट (बाण टेकवायचा आधार), रिलीज, बाण, पेटी हे सगळं धरलं की आकडा काही लाखांत जातो. सरांच्या ओळखीने एका खेळाडूचा वापरलेला इन्व्हिक्टा ३७ मिळाला. लिंब ४० ते ५० पाउंडाचे, मला हवे तसेच.

वापरलेला बो तपासायची पद्धत सांगतो, कारण ती कोणालाही जमेल. कापसाचा बोळा घ्यायचा आणि चारही लिंबवर, विशेषतः कडांवर, हलक्या हाताने फिरवायचा. तडा किंवा उकललेला धागा डोळ्याला दिसत नाही, पण कापूस तिथे अडकतो. (कापसाला आपल्याकडे काय कमी!) मग मागून पाहायचं, कॅम एका बाजूला कललेला तर नाही ना. केबल जिथे कॅमवर चढते तिथलं सर्व्हिंग, म्हणजे वरून गुंडाळलेला धागा, सुटलंय का. तार शेवटची कधी बदलली. बो कधी रिकामा सुटला होता का, हे विकणाऱ्याला सरळ विचारायचं. आणि तुमच्या ड्रॉ लेंग्थचं मोड्यूल त्या कॅमसाठी आहे का, हे पैसे देण्याआधी पाहायचं.

जोडीच्या साहित्यात मी एका गोष्टीवर खर्च केला, रिलीजवर. शिकारी बहुधा मनगटी पट्ट्याचा, तर्जनीने सोडायचा रिलीज वापरतात. मी अंगठ्याचा घेतला. तो हातात धरतात, आणि बटणावर अंगठा ठेवून पाठीने ओढत राहिलं की सुटतो. बटण दाबायची घाई होत नाही. बाकी स्टॅबिलायझर जुने चालले. बाण मात्र बोच्या ताणाला आणि माझ्या ड्रॉला जुळणाऱ्या स्पाइनचे, म्हणजे कडकपणाचे, आणि बारीक अंगाचे घेतले, कारण आमच्या मैदानावर दुपारचा वारा आडवा असतो. ९.३ मिलिमीटरपर्यंतचे जाडे बाण नियमात चालतात आणि हॉलमधल्या अठरा मीटरला टार्गेटवरच्या गुणांच्या वर्तुळाची रेघ पकडायला बरे, पण पन्नास मीटरला ते वाऱ्याने जास्त वाहतात.

वैजापूरकडच्या एका पाड्यावरचे पावरा आदिवासी समाजातले आजोबा आमच्या शाळेत नातवाला घ्यायला येतात. त्यांचा स्वतःचा तीरकमठा आहे, बांबूचा, आणि तारही बांबूच्याच सालीची. त्यांनी माझा बो उलटसुलट करून पाहिला, बाण लावून ओढलाही. जोर मध्येच उतरल्यावर ते थांबले आणि पुन्हा हळूच मागे-पुढे करून तो उतार हाताला समजावून घेतला. मग पहिला प्रश्न केला तो तुझ्या उंचीला हे कसं जुळवलं, असा. त्यांच्याकडे बांबू तोडतानाच कोणासाठी हे ठरलेलं असतं. मी मोड्यूल आणि टेपची गोष्ट सांगितली, ती त्यांना अजिबात विचित्र वाटली नाही.

दिवाळीला दादा आला. त्याचा बो तिकडेच राहिला. माझ्या बोवर त्याने बाण मारायचा हट्ट धरला, पण सत्तावीस इंचांत त्याचा कोपर पुढेच अडकत होता, म्हणून मीच नको म्हटलं. त्याऐवजी त्याने माझ्या बाणांनी कागदावर पाडलेली फाट पाहून रेस्ट किंचित उजवीकडे सरकवायला सांगितलं. बाण सरळ जायला लागले.

आता शाळेसाठी प्रस्ताव लिहितोय. मुलांच्या हाती थेट इन्व्हिक्टासारखा बो देणं मला योग्य वाटत नाही, त्यांची मापं दरवर्षी बदलतात. म्हणून दोन पर्याय मांडले आहेत. एक मॅथ्यूजचा जेनेसिस, १० ते २० पाउंडाचा. त्याला लेट-ऑफच नसतो, त्यामुळे ठरावीक ड्रॉ लेंग्थही नसते आणि एकच बो पाचवीच्या मुलापासून दहावीच्या मुलीपर्यंत सगळ्यांना चालतो. दुसरा डायमंडच्या इन्फिनिट एजसारखा, ज्याची ड्रॉ आणि ताण दोन्ही खूप मोठ्या पट्ट्यात वाढवता येतात. तो एका मुलाबरोबर मोठा होतो. दोन्हींपुढे तारा कुठे मिळतील आणि प्रेस कोणाकडे आहे, हा रकाना मी स्वतः आखून घातलाय. संस्थेच्या सभेत सगळ्यात आधी तोच वाचून दाखवणार आहे.